कोनफ्लॉवर विकत घेताना: बियाणं, रोपं आणि संकरित जातींचा परखड आढावा

सूर्यप्रकाश भरपूर असलेल्या बहुवर्षायू बागेसाठी एकच कोनफ्लॉवर (मधे काटेरी शंकू असलेलं फुलझाड) निवडायचा असेल, तर 'मॅग्नस' जातीचा घ्या. तोही बियांपासून वाढवलेला, साधा, जांभळट गुलाबी. त्याच्या शेजारी नारिंगी, लालभडक, दुहेरी पाकळ्यांच्या कुंड्या मांडलेल्या असतात आणि हात आधी तिकडेच जातो. पण कोनफ्लॉवर ही फुलाचा रंग पाहून घ्यायची वस्तू नाही. पैसे मोजायचे ते बुंध्याचे. जमिनीलगत जिथून पानं फुटतात आणि खाली मुळं सुटतात, तो दोन-तीन बोटं रुंदीचा भाग पुढच्या वर्षी जिवंत राहणार की नाही, हे बघून खरेदी करायची. हा सगळा आढावा त्याच कसोटीवर लिहिला आहे.

कसोटी इतकी कडक लावायचं कारण या झाडाच्या इतिहासात आहे. कोनफ्लॉवरचं शास्त्रीय नाव एकिनेशिया, आणि ते मूळचं उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातल्या गवताळ माळांवरचं आणि विरळ जंगलांच्या कडेचं झाड. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कॉनराड मेंख याने 1794 मध्ये या प्रजातीला हे नाव दिलं. त्याआधी वनस्पतींच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने ते रुडबेकिया या दुसऱ्याच प्रजातीत टाकलं होतं. बागेत दिसणारं बहुतेक सगळं कोनफ्लॉवर म्हणजे एकिनेशिया पर्प्युरिया किंवा त्याची अवलाद. पर्प्युरियाची मुळं तंतुमय असतात, बुंध्याला फुटवे चांगले येतात आणि सुपीक जमीनही ते सोसून घेतं. पण रंग एकाच घरातले: जांभळा, गुलाबी, पांढरा. पिवळा रंग आला तो एकिनेशिया पॅराडॉक्सा या अमेरिकेतल्या ओझार्क डोंगराळ भागातल्या जातीकडून. शिकागो बोटॅनिक गार्डनमध्ये जिम ऑल्ट यांनी या दोन जातींचा संकर करून नारिंगी कोनफ्लॉवर आणला आणि 2000 नंतरच्या दशकात नव्या रंगांची रांगच लागली. पॅराडॉक्साला मात्र खोल जाणारं सोटमूळ असतं आणि तिला कोरडी, खडकाळ, भराभर निचरा होणारी जागा लागते. संकरात रंगाबरोबर हा स्वभावही येतो. नारिंगी कोनफ्लॉवर चिकट, ओल्या जमिनीत पहिल्याच हिवाळ्यात का बसतं, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे.

बियांपासून येणाऱ्या जाती

'मॅग्नस' ही स्वीडनमधले रोपवाटिकाधारक माग्नुस निल्सन यांनी निवडून निवडून स्थिर केलेली जात. जंगली पर्प्युरियाच्या पाकळ्या खाली लोंबतात. यात त्या आडव्या, सपाट पसरतात, त्यामुळे फूल मोठं आणि उघडं दिसतं. 1998 मध्ये अमेरिकेतल्या पेरेनियल प्लांट असोसिएशनने तिला वर्षाचं बहुवर्षायू झाड म्हणून निवडलं. उंची 75 ते 90 सेंटिमीटर, दांडा जाड आणि सरळ, आधाराची काठी लागत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा: बियांपासून येत असल्यामुळे सगळी रोपं अगदी एकसारखी निघत नाहीत. ट्रेमधल्या काही रोपांच्या पाकळ्या थोड्या लोंबणारच. अशी रोपं मागच्या रांगेत लावा. ती टिकायला तितकीच चिवट असतात. पुढे आडव्या पाकळ्यांचीच ठेवा.

'व्हाइट स्वान' म्हणजे पांढऱ्यातली जुनी, स्वस्त आणि भरवशाची जात. उंची 60 ते 75 सेंटिमीटर, मधला शंकू तांबूस नारिंगी, फुलाला मंद गोड वास. दोष एकच आणि तो सगळ्याच पांढऱ्या फुलांचा आहे: पाकळी म्हातारी होताना तपकिरी पडते आणि ते लांबूनही दिसतं. त्यामुळे सुकलेली फुलं खुडायला मॅग्नसपेक्षा जास्त फेऱ्या माराव्या लागतात. ती तयारी नसेल तर पांढऱ्याच्या वाटेला जाऊ नये.

'पाववाव वाइल्ड बेरी' लहान बागेसाठी आमची पहिली पसंती. 2010 मध्ये तिला ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या नव्या जातींची चाचणी घेऊन निवड करणाऱ्या संस्थेचा मान मिळाला. 50 ते 60 सेंटिमीटरवर थांबते, बुंध्यापासून फांद्या जास्त सुटतात आणि सुकलेली फुलं न खुडताही बाजूच्या कळ्या वर येत राहतात. रंग गडद गुलाबी जांभळा, उन्हात फारसा विटत नाही. पेरल्या वर्षीच फुलते, साधारण पाच महिन्यांत. ज्यांना दुसऱ्या वर्षापर्यंत थांबवत नाही त्यांनी हीच पेरावी.

'शायेन स्पिरिट' हिला 2013 मध्ये तोच मान मिळाला. एका पाकिटातून मलई रंग, पिवळा, नारिंगी, लाल, गुलाबी, जांभळा असं सगळं निघतं. इथे थोडं सावध राहायला हवं. बी किंवा रोपाचं पान पाहून रंग कळत नाही. वाफ्यात पिवळंच हवं असेल तर कुंडीत पहिलं फूल उमललेलं रोप घ्या. लाल आणि नारिंगी फुलं चढत्या वयात फिकट होतात, हा दोष नव्हे, स्वभाव आहे. टिकण्याच्या बाबतीत एकाच ट्रेमधली काही रोपं वर्षानुवर्षं उभी राहतात, काही दुसऱ्या वसंतात उगवतच नाहीत, कारण यात पर्प्युरियाशिवाय इतर रक्तही आहे. म्हणून हवीत त्यापेक्षा तीन-चार रोपं जास्तच लावा आणि तगलेली ठेवा. बियांपासून रंगीत कोनफ्लॉवर हवं असेल तर तिच्या तोडीची निवड मिळणं कठीण आहे.

'ग्रीन ट्विस्टर' हौशी लोकांसाठी. पाकळीचं टोक पोपटी आणि मध्याकडे गुलाबी छटा. दोन रोपांत छटा सारखी येत नाही. फुलदाणीत देखणी दिसते, वाफ्यात मात्र हिरव्या पानांत हरवते. मागे गडद पानांचं झाड असेल तरच लावा.

पाकीट उघडल्यावर

बियांच्या पाकिटात भुसा किती आणि दाणा किती, हे आधी बघा. खरा दाणा 4 ते 5 मिलिमीटर लांब, चौकोनी धारांचा, मळकट पांढरा, वरच्या टोकाला बऱ्याचदा तपकिरी पट्टा असलेला. फुलातले काटेरी खवले मोडून त्यात मिसळले तर तेही लांबट दिसतात, पण ते चपटे आणि टोकदार असतात. पाच-सहा दाणे नखाखाली दाबा. भरीव दाणा दाबाला टिकतो, पोकळ चुरतो. निम्म्याहून जास्त चुरले तर त्या पाकिटाकडून अपेक्षा ठेवू नका. पर्प्युरियाच्या एका ग्रॅममध्ये साधारण अडीचशे दाणे येतात, म्हणजे घरच्या वाफ्याला एक ग्रॅमसुद्धा खूप झालं.

पर्प्युरियाच्या सुधारित जातींना थंडीची प्रक्रिया दिली नाही तरी बी उगवतं, पण दिली तर एकसारखं आणि लवकर उगवतं. ओलसर कोकोपीट मुठीत दाबल्यावर पाण्याचे एक-दोनच थेंब पडतील इतपत ठेवा, त्यात बी कालवून बंद पिशवीत घाला आणि फ्रीजमध्ये 3 ते 5 अंशांवर चार आठवडे ठेवा. फ्रीझरमध्ये नव्हे. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून हवा खेळवा, बुरशीचा वास येतो का बघा. ओल जास्त झाली तर बी तिथेच कुजतं, आणि या टप्प्यावर होणारं नुकसान बहुतेक यामुळेच होतं. एकिनेशिया पॅलिडा किंवा अँगुस्टिफोलिया या जंगली जातींचं बी असेल तर चार आठवडे पुरत नाहीत. त्यांना दोन ते तीन महिने लागतात.

मग पेरणी. ट्रेमध्ये कोकोपीट तीन भाग आणि पर्लाइट एक भाग. बी वर ठेवून 3 मिलिमीटरपेक्षा जास्त झाकू नका, थोडा उजेड मिळाला तर उगवण सुधारते. माध्यमाचं तापमान 20 ते 22 अंश राहिलं तर 10 ते 20 दिवसांत कोंब दिसतात. पाणी खालून, ट्रे पाण्यात ठेवून द्या. वरून झारीने दिलं तर कोवळा देठ मातीच्या रेषेवर काळा पडून आडवा होतो. ही मर. ती एकदा ट्रेमध्ये पसरली की औषधाने आवरत नाही. आधीच हवा खेळती ठेवणं आणि दाट न पेरणं हाच उपाय. खरी दोन-तीन पानं आली की 9 सेंटिमीटरच्या कुंडीत हलवा. विद्राव्य खत पाकिटावर सांगितलं असेल त्याच्या निम्म्या मात्रेत, दहा-बारा दिवसांनी एकदा. आठ ते दहा आठवड्यांचं रोप बाहेर लावायला तयार होतं. त्याआधी आठवडाभर ते रोज थोडं थोडं उन्हात आणि वाऱ्यात ठेवून कणखर करायचं.

बियांचा हा मार्ग वेळखाऊ आहे, पण त्याचा मोठा फायदा असा की रोप आपल्या डोळ्यासमोर मूळ धरतं. विकत घेतलेल्या फुललेल्या कुंडीबद्दल असं सांगता येत नाही.

फुललेली कुंडी की छोटं रोप

दुकानात फुलांनी भरलेली मोठी कुंडी सर्वांत आकर्षक दिसते. लावायला मात्र ती सर्वांत अवघड. हिरवगृहात खत, पाणी आणि उजेड देऊन तिला वेगाने फुलवलेलं असतं. वरती सहा फुलं आणि खाली बुंध्याला फुटवा एकच, असं चित्र नेहमी दिसतं. फूल आणि बी तयार करण्यात झाड साठवलेली सगळी ताकद घालवतं. पुढच्या वर्षासाठी लागणाऱ्या पानांच्या नव्या जुड्या बुंध्याशी तयार होतच नाहीत. हिवाळा आला की मूळ फुटवा मरतो आणि मागे उगवायला काही उरत नाही.

म्हणून कुंडी उचलल्यावर फुलांकडे नंतर बघा. पानं बाजूला सारून बुंध्याशी किती जुड्या आहेत ते मोजा. तीन किंवा जास्त असतील तर घ्या. मग कुंडी आडवी करून मातीचा गड्डा हळूच बाहेर काढा. मुळं पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि ताठ हवीत. काळी, मऊ, ओढल्यावर साल निघून नुसता धागा हातात राहणारी मुळं म्हणजे कूज सुरू झाली आहे. कुंडीच्या आकारात गोल गोल गुंडाळलेली मुळं असतील तर तेवढं चालतं, लावताना ती बाहेरून सोडवायची किंवा तीन-चार ठिकाणी उभा चिरा द्यायचा.

त्यापेक्षा छोटी, न फुललेली 9 सेंटिमीटर कुंडीतली रोपं वसंत ऋतूत घेतली तर ती स्वस्तही पडतात आणि जास्त टिकतात. आमचं मत यात स्पष्ट आहे: फुललेल्या एका मोठ्या कुंडीऐवजी छोटी तीन रोपं. उघड्या मुळांची रोपंही चांगली असतात, फक्त मिळाल्यावर ती पिशवीत पडू देऊ नयेत. तास-दोन तास पाण्यात भिजवून त्याच दिवशी लावावीत.

संकरित रंग आणि दुहेरी फुलं

'टोमॅटो सूप' लाल, 'सॉम्ब्रेरो' मालिकेत लाल-नारिंगी-पिवळ्याच्या अनेक छटा, 'हॉट पपाया' नारिंगी दुहेरी, 'रॅझमॅटॅझ' गुलाबी दुहेरी. यांची रोपं बियांऐवजी ऊतिसंवर्धनातून तयार होतात, त्यामुळे रंगात फरक पडत नाही. यांतली एकेरी फुलांची आणि ठेंगणी झाडं, विशेषतः 'सॉम्ब्रेरो'सारखी, वाफ्याच्या पुढच्या कडेला खरोखर छान दिसतात. निचरा उत्तम असेल आणि पहिल्या वर्षी खाली सांगितलेली कात्री चालवायची तयारी असेल तर जरूर घ्या.

दुहेरी फुलांबद्दल मात्र आम्ही हात आखडताच ठेवू. कोनफ्लॉवरचा मधला शंकू म्हणजे शेकडो लहान फुलांचा समूह. ती बाहेरच्या कडेपासून आत, एकेक कडं करून उमलतात. जवळून बघितलं तर खवल्यांच्या नारिंगी टोकांमध्ये पिवळ्या परागांचं एक बारीक कडं दिसतं आणि दिवसागणिक ते वर सरकतं. एक फूल कित्येक आठवडे ताजं वाटतं ते यामुळे, आणि मधमाश्या, फुलपाखरं त्याच फुलावर परत परत येतात तेही यामुळे. दुहेरी जातीत याच लहान फुलांच्या पाकळ्या झालेल्या असतात. पराग आणि मध मिळेनासा झाला की कीटक फिरकत नाहीत, बी धरत नाही, आणि पक्ष्यांनाही काही उरत नाही. शिवाय पावसात तो गोंडा पाण्याने जड होऊन दांडा वाकतो, आत पाणी साचून सडतोही. ज्या बागेत पाऊस आणि फुलोरा एकाच वेळी येतात तिथे दुहेरी जाती लावणं म्हणजे काठ्या बांधण्याचं काम विकत घेणं. फुलदाणीसाठीच हवी असतील तर वेगळी गोष्ट.

अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातल्या माउंट क्यूबा सेंटर या वनस्पती उद्यानात कोनफ्लॉवरच्या जाती शेजारी शेजारी लावून काही वर्षं तपासल्या गेल्या आहेत. त्यात वरच्या क्रमांकात आलेली 'पिका बेला' एकेरी, गुलाबी, पर्प्युरियाचीच आहे, यात आम्हाला आश्चर्य वाटत नाही. 'फ्रेग्रंट एंजल' ही पांढरी, सुवासिक जातही त्याच कुळातली, आणि 'व्हाइट स्वान'पेक्षा उंच व दणकट.

लावणी: इथेच बहुतेक झाडं जातात

सहा ते आठ तास थेट ऊन हवं. त्याहून कमी मिळालं तर दांडे उजेडाकडे झुकतात, फुलं घटतात आणि पानांवर भुरी येते. फार तापणाऱ्या ठिकाणी दुपारनंतर दोन तास सावली मिळाली तर रंग टिकतो. सामू (pH) 6 ते 7 च्या आसपास. जमीन मध्यम सुपीक पुरे. नत्र जास्त झालं की झाड उंच, लुसलुशीत होतं आणि वाऱ्याच्या पहिल्या झटक्यात लोळतं. भरपूर कुजलेलं खत खड्ड्यात घालणं ही माया नव्हे, अपाय आहे.

चिकट जमीन असेल तर एक चूक सर्रास केली जाते: खड्डा खणून त्यातच वाळू आणि कंपोस्ट भरायचं. आजूबाजूची माती घट्ट, खड्ड्यातली भुसभुशीत, मग पाऊस पडला की सगळं पाणी त्या खड्ड्यात उतरून साचतं आणि झाडाचे पाय पाण्यात. त्यापेक्षा संपूर्ण वाफाच 15 ते 20 सेंटिमीटर उंच करा. गादीवाफ्याच्या कडेला लावलेलं कोनफ्लॉवर मधल्यापेक्षा नेहमी जास्त जगतं.

खोली फार महत्त्वाची. बुंधा मातीच्या पातळीवर किंवा केसभर वर हवा. कुंडीत जितका होता तितकाच. 2 सेंटिमीटर जरी खाली गेला तरी हिवाळ्यातल्या ओलीत तो कुजतो. कोनफ्लॉवर थंडीने क्वचित मरतं. कोरड्या जमिनीत ते उणे 30 अंशांखालची थंडीही काढतं. मरतं ते थंडी आणि ओल एकत्र आल्यावर. म्हणून लाकडाचा भुसा किंवा पानांचं आच्छादन बुंध्यापासून 5 सेंटिमीटर दूर ठेवा. ओल्या हिवाळ्याच्या प्रदेशात बुंध्याभोवती बारीक खडीचा 2 ते 3 सेंटिमीटर थर पानांपेक्षा कितीतरी चांगला.

दोन रोपांत 45 सेंटिमीटर, उंच जातींत 60. शेजारच्या झाडांची निवडही नीट करा. बुंध्यावर ऊन आणि वारा लागला पाहिजे, त्यामुळे पसरणाऱ्या, जमीन झाकणाऱ्या झाडांमध्ये कोंडलेलं कोनफ्लॉवर दोन-तीन वर्षांत विरळ होत जातं. उभी वाढणारी लायट्रिस, झुबक्याने वाढणारी गवतं, साल्व्हिया नेमोरोसा ही सोबत चांगली. मोनार्डा मात्र शेजारी नको, ती जमिनीखालून सरकत बुंध्यात घुसते.

पहिले दोन-तीन आठवडे वरची 3-4 सेंटिमीटर माती सुकली की पाणी, मग आठवड्याला एकदा खोलवर. दुसऱ्या वर्षापासून लांबलचक कोरड पडली तरच.

आता कात्री. संकरित रोप लावल्या वर्षी त्याचे फुलाचे दांडे दिसताच कापा. जीव तुटतो, पण कापाच. अगदीच राहवत नसेल तर एक फूल रंग पाहण्यापुरतं ठेवा आणि बाकीचे काढा. ही शक्ती बुंध्याकडे वळली की शरद ऋतूपर्यंत तीन-चार जुड्या तयार होतात आणि झाड हिवाळा पार करतं. पर्प्युरियाच्या साध्या जातींना एवढ्या कडक शिस्तीची गरज नाही, तरी उशिरा लावली असतील तर त्यांनाही हाच न्याय. पहिलं कडक हिम पडण्याआधी किमान सहा ते आठ आठवडे मुळांना मिळायला हवेत. त्यानंतर विकत घेतलेलं रोप कुंडीतच आडोशाला ठेवलेलं बरं.

उष्ण प्रदेशात वाढवणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. पर्प्युरियाला फुलायला दिवसाची लांबी लागते, 13 ते 15 तासांचा दिवस असेल तर फुलोरा सर्वांत चांगला येतो, आणि मधली थंडी मिळाली तर तो आणखी एकसारखा होतो. भूमध्यरेषेच्या जवळ, थंडी नसलेल्या जागी फूल उशिरा आणि मोजकं येऊ शकतं. तिथे 'पाववाव'सारखी पहिल्या वर्षी फुलणारी जात घ्यावी आणि दर वर्षी नवं बी पेरण्याची तयारी ठेवावी.

रोग आणि किडी

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो दोन विकृतींमध्ये, आणि उपाय अगदी वेगवेगळे असल्यामुळे ओळख पक्की हवी.

पहिली म्हणजे अ‍ॅस्टर यलोज. हा रोग फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्म जीवामुळे होतो आणि तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. पाकळ्या हिरव्या पडतात, शंकूतून पानांसारखे झुपके निघतात, पानं पिवळसर, देठ खुरटे, म्हणजे बिघाड पूर्ण झाडात दिसतो. याला औषध नाही. फांदी कापून भागत नाही, कारण रोग रसवाहिन्यांमध्ये असतो. झाड मुळासकट उपटून टाका, त्याच दिवशी. दिलासा एवढाच की फायटोप्लाझ्मा मातीत जगत नाही. त्याला जिवंत झाड किंवा तुडतुडाच लागतो. त्यामुळे त्याच जागी नवं कोनफ्लॉवर लावायला हरकत नाही. आसपासचं तण मात्र काढा, डँडेलियनसारख्या तणांत हा रोग मुक्काम करतो.

दुसरी विकृती सूक्ष्म कोळ्यांमुळे येते. शंकूच्या वरच झुपका येतो, फूल वेडंवाकडं होतं, पण पानं निरोगी हिरवी आणि बाकीचं झाड ठणठणीत. इथे झाड उपटणं म्हणजे चांगलं झाड वाया घालवणं. कोळी फुलाच्या आत राहतो, म्हणून बिघडलेली फुलं कापून पिशवीत बांधून टाकली की पुरतं. त्या वर्षी हिवाळ्यासाठी सुके दांडे उभे ठेवू नका.

फुलाखाली 2-4 सेंटिमीटरवर दांडा कुरतडलेला आणि फूल एका धाग्यावर लटकलेलं दिसलं, तर ते सोंडेच्या भुंगेऱ्याचं काम. तो उत्तर अमेरिकेत आढळतो. मादी दांड्याला भोकांचं कडं पाडते आणि लोंबणाऱ्या फुलात अंडी घालते. फवारणीचा उपयोग फार होत नाही. लटकलेली आणि खाली पडलेली फुलं दर दोन-तीन दिवसांनी गोळा करून साबणाच्या पाण्यात बुडवा. अळ्या मातीत उतरण्याआधी हे झालं तर पुढच्या वर्षी उपद्रव घटतो.

जपानी भुंगेरे सकाळी सुस्त असतात, तेव्हा हाताने साबणाच्या पाण्यात पाडावेत. भुरीसाठी अंतर आणि ऊन. पानांवर कोनदार काळे डाग जिवाणूंचे असतात, पाणी वरून द्यायचं थांबवलं की ते बहुधा आटोक्यात येतात. कोवळ्या रोपांवर गोगलगायी रात्रीत ताव मारतात, पहिला महिना तेवढी पहारेदारी करावी.

नंतरची निगा आणि इतर जाती

खत वर्षातून एकदा, वसंतात कंपोस्टचा 2 सेंटिमीटर थर, बुंधा मोकळा सोडून. उंच जातींचे दांडे वसंताच्या अखेरीस एक तृतीयांश छाटले तर झाड बुटकं आणि भरगच्च होतं, फुलोरा दोन-तीन आठवडे पुढे जातो. सुकलेलं फूल खुडताना नुसतं डोकं न तोडता खालच्या बाजूच्या कळीपर्यंत कापा. हंगामाच्या शेवटी ती खुडणं थांबवा, बिया पक्ष्यांसाठी राहू द्या. दर तीन-चार वर्षांनी पर्प्युरियाचा गड्डा वसंतात विभागता येतो, प्रत्येक भागाला मुळं आणि किमान दोन जुड्या हव्यात. त्याहून वारंवार उकरलेलं त्याला सोसत नाही.

कुंडीत वाढवायचं असेल तर किमान 30 सेंटिमीटर खोल कुंडी आणि ठेंगणी जात. उंच मॅग्नस कुंडीत कायम तहानलेला राहतो.

पॅलिडा ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचा मोह समजेल: फिकट, अरुंद, खाली लोंबणाऱ्या पाकळ्या आणि सडपातळ दांडा. सोटमूळ असल्यामुळे ती लहान असतानाच कायमच्या जागी लावावी आणि पुन्हा हलवू नये. पॅराडॉक्सा पिवळी, फक्त उत्तम निचऱ्याच्या जागेसाठी. टेनेसीन्सिस ही टेनेसीमधली छोटी जात 1979 मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेली होती आणि संवर्धनामुळे 2011 मध्ये यादीतून बाहेर आली. तिच्या पाकळ्या किंचित वर उचललेल्या असतात. बागेत ती पर्प्युरियाशी सहज संकर करते, तेव्हा शुद्ध बी हवं असेल तर दोघींना लांब ठेवा.

या जंगली जाती घेताना विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: रोप रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेलं आहे का? औषधी मुळांच्या व्यापारासाठी अँगुस्टिफोलिया आजही माळरानावरून खणली जाते. उत्तर टाळलं गेलं तर ते रोप तिथेच ठेवा.

स्वतःचं बी धरायचं असेल तर शंकू पूर्ण काळपट, कोरडा आणि दांडा तपकिरी झाल्यावरच कापा, जाड हातमोजे घालून, कारण खवल्यांची टोकं बोटात मोडतात. कागदी पिशवीत आठवडाभर सुकवून चाळणीवर घासा, भुसा फुंकरीने उडवा. संकरित जातींचं बी मात्र धरू नका, त्यातून रंग परत येत नाही. 'टोमॅटो सूप'च्या शेजारी आपोआप उगवलेलं पिल्लू बहुतेक वेळा गुलाबी निघतं, आणि ते आईपेक्षा दणकट असल्यामुळे दोन वर्षांत तिलाच झाकून टाकतं. लाल रंग जपायचा असेल तर अशी पिल्लं चार पानांची असतानाच काढून दुसरीकडे लावा.